पेन्सिलीतला आकडा

दोन साक्षीदारांची जबानी शब्दाला शब्द जुळली, की वकील खूश होतो आणि मुरलेला फौजदार कान टवकारतो. शंकाताई फौजदार नव्हत्या, हवामान केंद्रात तपासनीस होत्या. पण पिंड तोच. त्यांचं खरं नाव आता हजेरीपटापुरतं उरलं होतं. गेली वीसेक वर्षं सगळे त्यांना तोंडावरसुद्धा शंकाताई म्हणत आणि त्यांना त्यात काही वावगं वाटत नसे. हे नाव पहिल्यांदा कुणी ठेवलं आणि त्यामागे त्याचा हेतू काय होता, एवढंच त्यांना अधूनमधून जाणून घ्यावंसं वाटे.

त्या सोमवारी सकाळी संचालकांनी सगळ्यांना मोठ्या खोलीत बोलावलं आणि पडद्यावर दोन आकडे दाखवले. डावीकडे आपल्या केंद्राच्या मॉडेलचं उत्तर, उजवीकडे समुद्रापलीकडच्या केंद्राच्या मॉडेलचं. तीन पूर्णांक एक. आणि तीन पूर्णांक एक.

प्रश्न विचारायला साधा होता. हवेतला कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला, तर पृथ्वी शेवटी किती अंश तापेल? या एका आकड्यावर पुढचं सगळं लटकलेलं असतं. बर्फ किती वितळणार, समुद्र किती चढणार, आणि गावाच्या खालच्या अंगाला जो बंधारा बांधायला घेतला होता, तो किती उंच न्यायचा. शुक्रवारी अहवाल बंधारा मंडळाकडे जायचा होता. त्यावर शेवटची सही तपासनीसाची, म्हणजे शंकाताईंची.

"दोन वेगळी मॉडेलं, दोन वेगळे देश, आणि उत्तर एकच," संचालक म्हणाले. "याहून मोठा पुरावा काय पाहिजे?"

टाळ्या झाल्या. शंकाताईंनीही दोन वाजवल्या, वाईट दिसू नये म्हणून. मनात मात्र म्हणाल्या, इथे कुठेतरी पाणी मुरतंय.

त्यांच्या संशयाला कारण होतं. कॉम्प्युटरमधली पृथ्वी म्हणजे एक जाळी असते, एकेक चौकट शंभर किलोमीटर लांब-रुंद. ढग त्याहून कितीतरी लहान. त्यामुळे मॉडेलला ढग दिसतच नाही, त्याला तो सांगावा लागतो. एवढी वाफ असली की एवढे ढग धर, ते एवढ्या वेगाने गळव. म्हणजे अख्ख्या शहरासाठी मिळून एक छत्री, आणि ती केवढी उघडायची ते ठरवणार खोलीत बसलेला माणूस. ढग टिकले की ऊन अडतं, लवकर गळून गेले की जमीन तापते. हवा आणखी तापल्यावर ते कसे वागतील, हे कुणीही छातीठोकपणे सांगू शकत नव्हतं. अशा ठिकाणी दोन परक्या माणसांचा अंदाज दशांशापर्यंत जुळावा? सख्खे भाऊसुद्धा एवढे जुळत नाहीत.

सख्ख्या भावाचा फोन संध्याकाळी आला. शंकाताईंचा धाकटा भाऊ त्या बंधाऱ्याचा इंजिनिअर होता. पाया घालून आठ वर्षं झाली होती, आता वरची भिंत चढवायची होती.

"ताई, एकच आकडा दे बरं का," तो म्हणाला. "मंडळापुढे दोन आकडे ठेवले की ते चहा मागवतात आणि पुढची तारीख देतात. बंधारा नको असलेली निम्मी मंडळी तिथे बसलीयत. त्यांना नुसता फाटा हवाय."

"आणि एकच आकडा खोटा असला तर?"

"तू बघितलेला आकडा खोटा कसा असेल?" असं म्हणून त्याने फोन ठेवला.

नवरा जेवणाच्या टेबलाशी मोसंबं सोलत बसला होता. तो दातांचा डॉक्टर, दवाखाना त्याच इमारतीत तळमजल्यावर. बायकोचा चेहरा बघून तो म्हणाला, "आज कोण?"

"कोण म्हणजे?"

"आज संशय कुणावर? परवा दूधवाला झाला, काल लिफ्टवाला. माझी पाळी कधी येते तेवढं आधी सांग, म्हणजे मी जबानी तयार ठेवतो."

शंकाताई हसल्या नाहीत. त्या दिवशी संशय कुणावर घ्यायचा ते त्यांचं आधीच ठरलं होतं. ढगवाल्यावर.

ढगवाला म्हणजे केंद्रातला ढगांचा शास्त्रज्ञ. उंच, अबोल, दार लावून बसणारा, डबासुद्धा खोलीतच खाणारा. चार वर्षांपूर्वी तो इथे आला तो त्याच समुद्रापलीकडच्या केंद्रातून. येताना पुस्तकांची तीन खोकी आणली होती. खोक्यात फक्त पुस्तकंच होती, हे कुणी बघितलं होतं? तिथलं ढगांचं गणित त्याने गुपचूप इथे आणून बसवलं असेल, तर दोन मॉडेलं जुळली यात नवल कसलं. आरशापुढे उभं राहायचं आणि म्हणायचं, बघा, दुसराही माझ्यासारखाच दिसतो.

मंगळवारी त्यांनी दोन्ही मॉडेलांचा प्रोग्राम शेजारी-शेजारी उघडला. त्या केंद्राने आपला पाठवलाच होता, पण तो ओळीओळीने वाचायचं कुणाच्या मनात आलं नव्हतं. आकडा जुळल्यावर कोण कशाला वाचतो. शंकाताईंनी ढगांचा भाग वाचायला घेतला. भाषा वेगळी, रचना वेगळी, लिहिणाऱ्यांच्या सवयी वेगळ्या. दुपारपर्यंत त्यांना जवळजवळ वाटू लागलं होतं, की आपण उगाच चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघालोय.

आणि मग तो आकडा आला. ढगातले थेंब किती वेगाने पाऊस होऊन गळतात, तो वेग. शून्य पूर्णांक, पुढे तीन शून्यं, मग चार-तीन-सात. दोन्हीकडे तोच. कुठल्याही विमानाने ढगात शिरून हा आकडा मोजलेला नव्हता. मोजलेल्या आकड्याला मागे-पुढे थोडी सूट असते, कुणीतरी कुठेतरी छापलेला असतो. याला आईबाप नव्हते. दोन वेगळ्या घरांतल्या पोरांच्या पाठीवर एकाच जागी, एकाच आकाराचा डाग निघावा, तसं ते होतं.

बुधवारी सकाळी शंकाताई ढगवाल्याच्या दारावर टकटक करून आत गेल्या. आधी त्याच्या कुंडीतल्या झाडाची चौकशी केली, मग खिडकीतून येणाऱ्या उन्हाची. ताकाला जाऊन भांडं लपवायची त्यांना सवय नव्हती, त्यामुळे ते त्यांना जमतही नव्हतं. शेवटी त्यांनी कागद त्याच्यापुढे ठेवला.

"हा आकडा ओळखीचा वाटतो का?"

ढगवाल्याने चष्मा वर केला, कागद पाहिला आणि चक्क सुटकेचा श्वास टाकला. "चार वर्षं वाट बघतोय, हे कुणीतरी विचारेल म्हणून."

"म्हणजे तुम्हीच आणलात."

"ताई, मी आलो त्या पहिल्याच आठवड्यात मला तो तुमच्या मॉडेलमध्ये दिसला. मला वाटलं, तुम्ही आमचा उचललात. नवा माणूस मी, आल्या आल्या कुणाला चोर म्हणू? म्हणून दार लावून गप्प बसलो. मला तर असंही वाटायचं, की तुम्ही मुद्दाम माझ्यावर नजर ठेवून आहात."

"ठेवूनच होते," शंकाताई म्हणाल्या.

"हे मागाहून हाती लागलं," म्हणत त्याने खणातून एक जुना कागद काढला. त्याच्या आधीच्या केंद्रातली नोंद होती, एकोणीस वर्षांपूर्वीची. पाहुणा शास्त्रज्ञ परतला, येताना ढगांची गणिती आकडेवारी सोबत आणली. कुठून आणली, तेही लिहिलेलं होतं. इथून. शंकाताईंच्याच केंद्रातून.

"आणि इथेच थांबलं नाही," तो म्हणाला. "आमच्याकडून तो आणखी दोन ठिकाणी गेला. मी सात मॉडेलं चाळली, चार एकाच माळेचे मणी निघाले. उरलेल्या तिन्हींच्या मालकांनी मला आत बघू दिलं नाही."

चोर बाहेरचा असला की बरं असतं, राग काढायला अंगण मिळतं. हा तर घरातलाच निघत होता. म्हणजे जुना कुणीतरी. आधीचे मोठे सर असतील? ते आता हयात नव्हते, त्यांच्यावर ढकलणं सोपं होतं, आणि म्हणूनच शंकाताईंना त्या सोपेपणाचाही संशय आला.

तळघरात जुन्या वह्यांची खोली होती. पूर्वी मॉडेलमध्ये काहीही बदललं, की ते जाड पुठ्ठ्याच्या वहीत हाताने लिहायची शिस्त होती. मोठ्या सरांचा दंडक असा, की पक्का बदल शाईने लिहायचा आणि तात्पुरता पेन्सिलीने. पेन्सिलीतलं पुढे तपासायचं, पटलं की त्यावर शाई फिरवायची, नाही पटलं तर खोडायचं. पुढे त्या सगळ्या वह्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या गेल्या. बाहेरून दोन टंकलेखक आले होते, महिनाभर बसून त्यांनी पानन् पान टाइप केलं. अक्षर न् अक्षर बरोबर उतरवलं. पण टाइप करताना शाई आणि पेन्सिल एकच होतात, हे कुणाच्याही ध्यानात आलं नाही. आणि टाइप केलेलं सगळं बरोबर उतरलंय की नाही, हे शब्द-शब्द लावून तपासलं होतं खुद्द शंकाताईंनी.

बावीस वर्षांपूर्वीची वही सापडायला दीड तास लागला. पान उघडलं तेव्हा त्यांना वाचायचीही गरज पडली नाही. अक्षरच ओळखीचं होतं. फिकट पेन्सिलीत, जरा उजवीकडे कललेलं, त्यांचं स्वतःचं.

"ढग फार लवकर गळतात. तूर्त हा आकडा घातला आहे. तपासायचा आहे."

त्या स्टुलावर बसल्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा. तीन दिवस त्यांनी त्या बिचाऱ्याच्या खोक्यांवर संशय घेतला होता.

आठवायला वेळ लागला नाही. नोकरीचं दुसरं वर्ष. मॉडेल मागच्या शंभर वर्षांचं तापमान धड काढत नव्हतं, आणि मोठ्या सरांना दोन दिवसांत उत्तर हवं होतं. त्यांनी एका दुपारी अकरा आकडे घालून पाहिले. अकराव्याला मागची शंभर वर्षं छान जुळली. तो त्यांनी पेन्सिलीने लिहिला. पुढच्या आठवड्यात त्या बाळंतपणाच्या रजेवर गेल्या, परत आल्या तेव्हा काम वेगळं मिळालं. त्यानंतर मॉडेल सात वेळा नवं झालं. समुद्र सुधारला, जंगलं आली, बर्फ आलं. त्या आकड्याचा खिळा मात्र कुणी हलवला नाही, सगळे भिंतच सारवत राहिले. आणि दर वेळी उत्तर तीनच्या आसपास आलं, की लोक म्हणायचे, बघा किती पक्कं आहे. मागची शंभर वर्षं जुळतात हा तर मॉडेलचा सगळ्यात मोठा दाखला होता. जुळणारच होती. जुळावीत म्हणूनच तर तो आकडा निवडला होता.

त्या रडल्या नाहीत, पण त्यांना स्वतःची विलक्षण लाज वाटली. बावीस वर्षं जगाच्या नावाने खडे फोडताना, एकदाही आरशासमोर उभं राहून विचारलं नव्हतं, की बाई, तुझं काय?

मोठ्या मॉडेलला एक फेरी करायला महिना लागतो. पण केंद्रात त्याची एक छोटी आवृत्ती होती, ती दिवसभरात उत्तर द्यायची. शंकाताई आणि ढगवाल्याने दार लावून घेतलं, या वेळी दोघांनी आतून, आणि तो आकडा एकदा निम्मा करून आणि एकदा दुप्पट करून तिला कामाला लावलं. गुरुवारी दुपारी उत्तरं आली. एकीकडे दोन पूर्णांक तीन, दुसरीकडे चार पूर्णांक आठ.

"यातलं एक तरी मागच्या शंभर वर्षांवर आपटायला हवं," शंकाताई म्हणाल्या.

"आपटत नाही," ढगवाला म्हणाला. "त्या शंभर वर्षांत कारखान्यांच्या धुराने ऊन अडवलं होतं. किती अडवलं, ते नक्की कुणालाच माहीत नाही. ती सावली जरा वाढवली की हा बसतो, जरा कमी केली की तो बसतो. हे बघा."

पडद्यावरच्या दोन्ही रेषा कालपर्यंत हातात हात घालून आल्या होत्या. आजच्या तारखेनंतर त्यांची तोंडं दोन दिशांना झाली होती. कुठली खरी, हे मशीनला विचारून काही उपयोग नव्हता. मशीनने तेवढंच सांगितलं असतं जेवढं माणसाने त्याच्या कानात सांगितलंय.

संचालकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. ते वाईट माणूस नव्हते, हीच तर पंचाईत होती. वाईट माणसाशी भांडता येतं.

"मॅडम, तीन पूर्णांक एक अगदी मधोमध आहे. कदाचित तोच खरा असेल."

"असेल. पण तो आपल्याला माहीत आहे, असं मी लिहू शकत नाही."

"आणि माहीत नाही असं लिहिलंत, तर मंडळ काय करेल? ते म्हणतील, शास्त्रज्ञांनाच माहीत नाही, मग बंधारा कशाला? खालच्या आळीत चारशे घरं आहेत. झाकली मूठ सव्वा लाखाची, तुम्ही कशाला हात दाखवून अवलक्षण करून घेता? बावीस वर्षांपूर्वीची पेन्सिल कोण बघायला येतंय?"

त्या माणसाच्या बोलण्यात तथ्य होतं, आणि ते नेमकं त्याच्याच सोयीचं होतं. या दोन गोष्टी एकत्र आल्या की शंकाताईंना नेहमी कसंतरी व्हायचं. आता तर त्यांना स्वतःच्या खरेपणाचाही संशय येऊ लागला. सत्य सांगायचंय म्हणून सांगतोय, की लाज धुवायची म्हणून?

शुक्रवारी सकाळी त्यांनी दोन कागद पिशवीत घातले. एक अहवाल, त्यावर सहीची जागा रिकामी. दुसरं हाताने लिहिलेलं पत्र. मंडळाची बैठक दुपारी होती. त्याआधी त्या बंधाऱ्यावर गेल्या.

भावाचं ऑफिस म्हणजे पत्र्याची एक खोली. भिंतीला नकाशे, दारामागे हेल्मेटं, टेबलावर काँक्रीटचे कापलेले नमुने. खिडकीतून पाया दिसत होता, करड्या रंगाची रुंद पट्टी, आणि तिच्या या बाजूला खालची आळी. गच्च्यांवर कपडे वाळत होते. पाया पडल्यावर लोकांना धीर आला होता, आठ वर्षांत तिथे शंभरेक नवी घरं उठली होती.

त्यांनी पत्र पुढे केलं. भावाने उभ्याउभ्या वाचलं, मग बसून पुन्हा वाचलं.

"दोन पूर्णांक तीन ते चार पूर्णांक आठ," तो म्हणाला. "ही उंची आहे की लॉटरी? ताई, मी एक आकडा मागितला होता."

"एक आकडा होता. तो मी घातलेला होता."

"चार पूर्णांक आठ धरून भिंत बांधली तर हा पाया तिला पेलणार नाही. उकरून रुंद करावा लागेल. पुढच्या दोन रांगा दोन वर्षं रिकाम्या कराव्या लागतील. त्या लोकांना मी सांगितलंय, की आता कुणी तुम्हाला हलवणार नाही." त्याचा आवाज चढला नाही, उलट बारीक होत गेला. "हा पाया माझ्या सहीने पडलाय."

"कशाच्या भरवशावर सही केलीस?" त्यांनी सवयीने विचारलं.

"तुझ्या," तो म्हणाला. "तेव्हा मंडळातले दोघं म्हणत होते, बाहेरच्या कुणाकडून आकडा तपासून घेऊ. मीच म्हटलं, गरज नाही. माझी बहीण आहे तिथे, ती देवावरसुद्धा विश्वास ठेवत नाही. तिने बघितलंय म्हणजे बघितलंय. तू तपासलंस म्हणून आम्ही कुणीच तपासलं नाही, ताई."

आठ वर्षांपूर्वी आपण काय तपासलं होतं, ते शंकाताईंना लख्ख आठवत होतं. मशीनची बेरीज बरोबर आहे की नाही, ते. मशीनच्या पोटात काय घातलंय, ते नव्हे.

"मग आता कुणाकडून तपासून घेऊ?" त्याने विचारलं. "दुसरं कुठलं केंद्र? नाव सांग, आत्ता फोन लावतो."

त्यांनी मनात एकेक नाव घेतलं. हे नाही, ते याच माळेतलं. ते नाही, तेही. उरलेले तिघे दार उघडत नव्हते. जगभराची पोरं त्यांच्याच एका दुपारची निघाली होती, आणि आपल्याच पोरांना साक्षीला बोलावून काय होणार.

"कुणी नाही," त्या म्हणाल्या. "मशीनकडून याहून जास्त आता मिळणार नाही. कदाचित वीस वर्षांनी मिळेल. तू मोठा आकडा धर. छोटा खरा निघाला, तर लोक मला शिव्या घालतील, की म्हातारीने उगाच घरं हलवली. ते चालेल. मोठा खरा निघाला आणि आपण छोटा धरला, तर शिव्या घालायला खाली कुणी राहणार नाही."

"मंडळ मोडीत काढेल सगळं. त्यांना हेच हवंय."

"मी येते दुपारी. पेन्सिल कुणाची होती, ते मीच सांगते."

भावाने खिडकीबाहेर पाहिलं. खाली भिंतीच्या पहिल्या थरासाठी काँक्रीटच्या गाड्या रांगेत उभ्या होत्या, पहिलीचा ड्रम फिरत होता. मुकादम वर हात करून विचारत होता, सुरू करू का? भावाने फोन हातात घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदा बहिणीकडे संशयाने पाहिलं.

"हे तरी नक्की ना?"

"नाही," शंकाताई म्हणाल्या.

त्याने मुकादमाला फोन लावला आणि गाड्या परत पाठवायला सांगितल्या.